गुलाबी औषधाचा उपास

आमच्या घरात कॉलेजची पायरी सगळ्यात आधी मी चढले. पप्पा दहावी, तीही दुसऱ्या खेपेला; आई सातवी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या शिक्षणाचा हात आहे. अभिमान होता, आजही आहे, त्याबद्दल माफी मागायला मी बसलेली नाही. त्या हिवाळ्यात मी कॅनडात, वॉटर्लूला युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला होते. तिथे ट्रामचे रूळ टाकायचं काम चाललं होतं आणि जिकडेतिकडे रस्ते उकरून ठेवलेले असायचे. आमच्या कोर्समध्ये चार महिने शिकायचं आणि चार महिने कुठेतरी नोकरी करायची, अशी पद्धत होती. त्याला को-ऑप म्हणत. जानेवारीपासूनचे चार महिने मला ब्रॅम्पटनमध्येच, घरापासून दोन बसस्टॉपवरच्या एका फार्मसीत काम मिळालं. म्हणजे किती दिवसांनी मी सलग घरी राहणार होते! पुढे तशी कधीच राहिले नाही. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं, तर मी रोज थोडी उशिरा कामाला निघाले असते.

घर म्हणजे एका रांगेतल्या आठ घरांपैकी मधलं एक, दोन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती. बेसमेंट आम्ही दोन पंजाबी विद्यार्थिनींना भाड्याने दिलं होतं. खालच्या फर्नेसची गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांमधून वर यायची आणि हवेबरोबर आवाजही फिरायचे. खालच्या पोरी काय बोलतात ते माझ्या खोलीत ऐकू यायचं, आणि आई किचनमध्ये काय पुटपुटते ते त्यांना. पहाटे साडेचारला पप्पांचा डबा भरला जायचा: तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, आणि ते वासामुळे वेअरहाउसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करता येत नाही म्हणून वेगळ्या डब्यात बटाट्याची भाजी. "कालवण थंडच खा," आई रोज सांगायची, "नाहीतर तो तुमचा सुपरवायझर पुन्हा बोंब मारील." मग दार लागायचं, फावड्याने ड्राइव्हवे खरवडल्याचा आवाज यायचा, आणि त्या खरवडण्याच्या मधे मधे पप्पांचा खोकला. कोरडा, आखूड, दाराला नखाने टकटक करावं तसा. दोन टकटक, थांबायचं, परत दोन. मी पांघरुणातून तो मोजत पडायचे. गाडी निघून गेली की घर एकदम रिकामं वाटायचं.

त्या खोकल्यावर आईचं औषध चालू होतं. आईच्या औषधाबद्दल सांगायलाच हवं. वसईला, लग्नाच्या आधी, ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली होती. झाडू मारायची, बाटल्या धुवायची, आणि मग हळूहळू मिक्श्चर ओतून द्यायला लागली. तेव्हा बाटलीवर कागदाची एक पट्टी चिकटवत, कात्रीने कडा कापून. एक खाच म्हणजे एक डोस. ही पट्टी आईच्या हातात इतकी बसली होती की कॅनडात आल्यावरही ती विकतच्या सिरपच्या बाटलीवर, त्यावर माप छापलेलं असो नसो, आपली पट्टी चिकटवायचीच. वसईहून कुणीही येणार असलं की त्याच्या बॅगेत आईची ऑर्डर असायची: गुलाबी खोकल्याचं औषध, सहा बाटल्या, प्रत्येक बाटली टॉवेलात गुंडाळून. "इथलं पाण्यासारखं," असं तिचं मत. आणि महिन्यातून एकदा मिसिसागाच्या चर्चमध्ये आमची मराठी मिस्सा, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची उपासना असायची, तिच्यानंतर खाली हॉलमध्ये जेवण असायचं, तिथे आई आपल्या पिशवीतून बाटल्या काढून द्यायची. नर्सिंग होमच्या किचनमध्ये दिवसभर भांडी घासणारी माझी आई त्या हॉलमध्ये जवळपास डॉक्टर होती. बायका लाइन लावायच्या. "मोनिकाताई, छोट्याला किती देऊ?" "अर्धी खाच. आणि रात्री डोक्याला टोपी."

आणि पप्पा त्या हॉलमध्ये गायक होते. मिस्सेची गाणी सगळेच म्हणत, पण वर्षातून एक दिवस फक्त त्यांचा होता. गुड फ्रायडेला आमच्यात वाद्यं बंद असतात. घंटासुद्धा वाजत नाही. त्या शांततेत क्रूसाचं चुंबन घ्यायला लोक रांगेने पुढे जात असताना एकच माणूस, बिनासाथीचा, मरियेचा विलाप गातो. मांडीवर मेलेला मुलगा घेऊन बसलेल्या आईचं ते गाणं, गावात बापाकडून मुलाकडे आलेलं. त्यातली एक ओळ अशी होती: "अंग तुझं गार का रे, माझ्या मांडीवरच्या बाळा." पन्नाशीचा, फोर्कलिफ्ट चालवणारा, रुंद खांद्यांचा माणूस आईचा आवाज काढून ते म्हणायचा आणि बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली माणसं रुमाल शोधायची. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी पप्पा वर्षभर जगत असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होईल, पण फार नाही.

म्हणून त्या वर्षी तो खोकला नुसता खोकला नव्हता. फेब्रुवारीच्या मिस्सेला पप्पा दुसऱ्याच गाण्याच्या मधे थांबले, तोंडावर मूठ धरून. खाली हॉलमध्ये विल्सन आमच्या टेबलाशी आला. विल्सन तिशीचा, बँकेत नोकरीला, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा, चांगला मुलगा. त्याला वाईट ठरवायचं मी खूप दिवस मनापासून जमवून पाहिलं, जमलं नाही.

"डॉमनिक अंकल, घसा कसा आहे?"

"घसा काय, घशाच्या जागी आहे."

"नाही, म्हणजे कमिटीत विषय निघाला. गुड फ्रायडेला बॅकअप असावा का, असं."

"बॅकअप कशाला? देवाने दुसरा मुलगा ठेवला होता काय बॅकअपला?"

सगळे हसले. विल्सन सगळ्यांत जास्त हसला. पप्पाही हसले आणि हसता हसता खोकले, आणि तो खोकला लवकर थांबेना, तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या ताटात बघायला सुरुवात केली. आईने तिथल्या तिथे पिशवी उघडली. एक खाच.

इकडे फार्मसीत मी खोकल्याचंच औषध विकायला शिकत होते. फार्मसिस्ट होत्या गुरविंदर मॅडम, साठीला टेकलेल्या, चष्मा साखळीला लावलेला. खोकल्याची एक आख्खी रांग होती आमच्याकडे: कोरड्याची, कफाची, दिवसाची, रात्रीची, साखरेची, बिनसाखरेची. एक ट्रकवाला आला आणि मॅडमना म्हणाला, "सबसे तगड़ी कौन सी है?" मॅडम म्हणाल्या, "तेरी माँ।" तो चमकला. "उसको फोन कर, वो बोलेगी शहद खा, गरम पानी पी, सो जा। वही सबसे तगड़ी है। तीन हफ्ते में खाँसी अपने आप जाएगी।" तो हसला आणि तरीही बाटली घेऊनच गेला. नंतर त्यांनी मला बसवून सांगितलं: यातल्या बहुतेक बाटल्यांनी खोकला लवकर बरा होतो असं कुणाला नीट दाखवता आलेलं नाही, सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं तर खोक्यावरच छापलेलं असतं, काहींनी झोप येते, काहींनी ब्लडप्रेशर चढतं. "तो फिर बेचते क्यों हैं?" मी विचारलं. "क्योंकि लोग खाली हाथ घर नहीं जाना चाहते, बेटा।"

मी ते ऐकलं आणि मला पंख फुटले. शिक्षणाचं हे असं असतं: पहिल्यांदा काही खरं हाती लागलं की माणसाला ते आधी घरच्यांच्या डोक्यात घालायचं असतं. त्याच संध्याकाळी किचनमध्ये आई चमच्यात गुलाबी औषध ओतत होती, पप्पा लहान मुलासारखं तोंड उघडून उभे होते, आणि मी बूटसुद्धा न काढता म्हणाले, "आई, त्याचा काही उपयोग नाही. साखरेचं पाणी आहे ते. आणि ते हॉलमधल्या छोट्या पोरांना तर देऊच नको, धोका असतो."

आईने चमचा खाली नाही ठेवला. "तू कशावर वाढलीस?"

"मी वाढणारच होते. औषधाने नाही वाढले."

"ऐकलं काय," ती पप्पांना म्हणाली, "आपोआप वाढली ही. आपण उगाच जागलो."

"मी ते म्हणत नाहीये. सर्दीपडशाचा खोकला तीन आठवड्यांत जातोच. औषध घ्या, नका घेऊ."

"डॉक्टरकाका काय येडे होते? मी तेरा वर्षं ओतलं ते काय पाणी ओतलं?"

यावर मी म्हणाले, "असेलही." हा शब्द मला आजही परत घ्यावासा वाटतो. आईचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही.

पप्पा मधे उभे, तोंड अजून अर्धवट उघडं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "बुधवारी राखेचा बुधवार ना?"

"हो, मग?"

"मग मी यंदा उपवासकाळात हे औषध सोडलं. देवाला दिलं. चाळीस दिवस."

आमच्यात उपवासकाळात प्रत्येकजण आपल्या आवडीचं काहीतरी सोडतो. आई चहातली साखर सोडायची. पप्पांनी आदल्या वर्षी दारू सोडली होती आणि ईस्टरच्या सकाळी नऊ वाजता परत धरली होती. "औषध कुणी सोडतं काय?" आई म्हणाली. "आवडीची वस्तू सोडायची असते."

"मला आवडतं ते," पप्पा म्हणाले. "गोड लागतं."

आता देवाला दिलेल्या वस्तूवर ना आईला बोलता येईना, ना मला. दहावी पास माणसाने दोन मिनिटांत दोघींची अब्रू राखली. आईने चमच्यातलं औषध परत बाटलीत ओतलं, थेंबही न सांडता. हॉलमधलं वाटपही तिने त्या महिन्यापासून बंद केलं. मला एका शब्दाने काही म्हणाली नाही, पण पिशवी घरी ठेवून यायला लागली. बायका विचारायच्या, तर "संपलं" म्हणायची.

ते आठवडे मला हल्ली फार आठवतात. शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला आम्ही तिघं गाडीने जायचो, विंडशील्डवर मीठ वाळलेलं, हीटर पायावर. मांस बंद, म्हणून आई कोबीत सुकट घालायची आणि सगळ्या कोटांना तो वास लागायचा. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस कधीकधी नाक वर करून बघायचा आणि मी खिडकीबाहेर. आज त्या वासाचा एक कोट मला कुणी आणून दिला तर मी त्यात तोंड खुपसून बसेन. पप्पा रोज झोपताना मध आणि आलं घ्यायचे, माझ्या सांगण्यावरून, आणि विचारायचे, "कितवा आठवडा, डॉक्टरीणबाय?" मी सांगायचे, "दुसरा." मग "तिसरा."

चौथ्या आठवड्यात त्यांनी विचारायचं बंद केलं. खोकला होता तसाच होता. औषध घेताना जेवढा होता तेवढाच, न घेतानाही तेवढाच. म्हणजे औषधाबद्दल मी बरोबर ठरले होते, आणि तेच मला दिसत होतं. सिरपने फरक पडत नाही हे सिद्ध झालं, यातच मी इतकी खूश होते की तीन आठवड्यांत जाणारा खोकला तीन आठवड्यांत गेला नाही, याचा अर्थ काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. "काहींना जास्त लागतात," मी म्हणाले. "हवा कोरडी आहे. ह्युमिडिफायर घेऊ." घेतला. खिडक्यांवर बर्फाची नक्षी धरली, एवढंच झालं. तालमीला बसले की पप्पा दोन ओळी म्हणायचे आणि तिसरीच्या तोंडाशी टकटक. मग पाणी. मग परत पहिली ओळ. जाळीतून ते माझ्या खोलीत यायचं. खालच्या पोरींपैकी एकीने मला विचारलं, "दीदी, अंकल रो रहे हैं क्या?" मी म्हटलं, "गा रहे हैं।"

शेवटी पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारी चर्चमधून आलो, कोट काढले, आणि आई कढई चुलीवर ठेवता ठेवता, पाठमोरीच, म्हणाली, "रीना, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

माझ्या आईने मला असं विचारावं! मी खुर्चीवर बसले.

"आमच्या दवाखान्यात कुणी आला ना, अंगावर पुरळ घेऊन, खोकला घेऊन, कशालाही, तर डॉक्टरकाका नाडी बघायच्या आधी विचारायचे, नवीन काय घेतलंस? नवीन तेल, नवीन मासा, नवीन गोळी. मी आठवत होते. यांची प्रेशरची नवीन गोळी सुरू झाली तेव्हा आपण नाताळच्या आधीची पहिली मेणबत्ती लावली होती. पुढच्या रविवारी दुसरी मेणबत्ती मी लावत होते तेव्हा हे पहिल्यांदा खोकले. ज्योत हलली, म्हणून माझ्या लक्षात आहे." ती अजूनही पाठमोरीच. "गोळीने खोकला येतो काय गो? तू शिकलीस, म्हणून विचारते. त्या गोळीच्या पिशवीत कागद असतो इंग्लिश, तो वाचून बघ."

तो कागद मला वाचायची गरज नव्हती आणि तरीही मी ड्रॉवरमधून काढला. तो मीच दुमडला होता. फार्मसीत त्या गोळ्या ट्रेवर पाच-पाच करून मोजणारी मी, बाटलीवर पप्पांच्या नावाचं लेबल लावणारी मी, प्रिंटरमधून आलेल्या कागदाची चार घड्यांची पुरचुंडी करून पिशवीत घालणारी मी. दोन रिफिल, म्हणजे दोन महिन्यांच्या गोळ्या, माझ्या हातून गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी मॅडमनी विचारलंही होतं, "पापाजी को कोई तकलीफ तो नहीं इस गोली से?" आणि मी म्हणाले होते, "नहीं मॅडम, सब ठीक।" कारण माझ्या डोक्यात खोकला ही गोळीची तक्रारच नव्हती, तो आईचा आणि माझा वाद होता. पप्पांनी स्वतः कधी डॉक्टरला सांगितलं नव्हतं. खोकल्यासाठी डॉक्टरकडे कोण जातं? घरात औषध असताना?

कागदावर सहाव्या की सातव्या ओळीत लिहिलं होतं: कोरडा खोकला, जो जात नाही; डॉक्टरांना सांगा. मी मराठी करून मोठ्याने वाचलं. पप्पा दारात उभे राहून ऐकत होते. आईने कढईत तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ऐकल्याऐकल्या कपाळावर हात मारला. "मुझे खुद उनसे बात करनी चाहिए थी। तू घर ले जाती है, मैंने सोचा तू पूछती होगी।" सोमवारी त्यांनी डॉक्टरांच्या ऑफिसला फोन केला, बुधवारी पप्पांची गोळी बदलली, दुसऱ्या जातीची आली. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करायची नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. मी विचारलं, किती दिवसांत जाईल? "किसी का हफ्ते में, किसी का महीने में।"

गुड फ्रायडे नऊ दिवसांवर होता. मी कॅलेंडरकडे बघायचे आणि उलटं मोजायचे. मॅडमनी दुसऱ्या रिफिलला विचारलं होतं तेव्हा मी "खोकतात" एवढा एक शब्द बोलले असते, तर हे नऊ दिवस चाळीस झाले असते.

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सा झाल्यावर पप्पा स्वतः विल्सनकडे गेले. मी मागेच होते. खोकला कमी झाला होता, पण गेला नव्हता. विलापाच्या मधे एकदा जरी आला असता तरी पुरे होतं. "विल्सन, सोमवारी घरी ये. विलाप शिकवतो."

"अंकल, तुम्ही बरे व्हाल. पाच दिवस आहेत."

"बरा मी होईन रे. पण मेलेल्या पोराला मांडीवर घेतलेली आई मधेच खोकायला लागली तर लोकांना हसू येईल. ते नको."

सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन संध्याकाळी विल्सन बँकेच्या कपड्यांत आमच्या किचनमध्ये बसला. पप्पा कुजबुजून ओळ सांगायचे, तो म्हणायचा. चुकला की पप्पा टेबलावर बोट आपटायचे. "अरे, तू स्टेजवर नाहीयेस. तुझ्या मांडीवर ओझं आहे. ओझं असलेला माणूस एवढा ताठ बसतो काय?" विल्सन वाकून बसायचा. आई त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. त्याच्या चालीत काही कमी नव्हतं. मला ते ऐकवत नव्हतं, म्हणून मी वर जायचे, आणि जाळीतून ते वरही यायचं.

गुड फ्रायडेला तो चांगला गायला. लोकांनी रुमाल काढले. तिसऱ्या कडव्याला पप्पा आमच्या बाकावरून उठले, मूठ तोंडावर, आणि वाकून बाजूच्या दाराने बाहेर गेले. मी मागे गेले. पार्किंग लॉटच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचा ढीग उरला होता, त्याच्याशी ते उभे होते. खोकून झालं होतं. ओठ हलत होते. आतून येणाऱ्या गाण्याबरोबर, बिनआवाजाचे.

"पप्पा," मी म्हणाले, "तो कागद मी दुमडला होता. दोनदा. मी वाचला असता तर."

त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. कडवं संपू दिलं. मग म्हणाले, "तू दुमडलास, मी न बघता ड्रॉवरमध्ये फेकला, डॉक्टरने विचारलं नाही, तुझ्या आईने पट्ट्या चिकटवल्या. आता कुणाला क्रूसावर चढवू?" मग कोटाची चेन वर ओढली. "चल आत. तो शेवटच्या कडव्याला घाई करील बघ."

त्याने घाई केली.

लोक मला आज काउंटरवर विचारतात, हे खोकल्याचं औषध घेण्यासारखं आहे का. मी आता स्वतः फार्मसिस्ट आहे, माझ्या पदवीची फ्रेम मागच्या भिंतीवर आहे आणि मी ती मुद्दाम दिसेल अशी लावली आहे. मी खरं ते सांगते: बहुतेक वेळा नाही. मध घ्या, वर्षाखालच्या बाळाला तेही नको, आणि वाट बघा. पण एवढ्यावर सोडत नाही. किती दिवस झाले, आणि त्याच्या आधी नवीन काय सुरू झालं, हे विचारते. हा प्रश्न मला कुठल्या वर्गात शिकवला असं कुणी विचारलं, तर दवाखान्यात बाटल्या धुणाऱ्या एका मुलीने शिकवला असं सांगते. आईला हे मी तोंडावर कधी सांगितलं का? सांगितलं, पण फार उशिरा, आणि तेव्हा ती फक्त म्हणाली, "मी धुवायचे नुसती नाही, भरायचेही."

पुढच्या वर्षी कमिटीने विल्सनलाच विचारलं. त्यात डाव नव्हता. त्याचं गाणं बसलं होतं, कागदावर नाव होतं, एवढंच. पप्पांचा आवाज तेव्हा स्वच्छ होता. त्यांनी त्याच्या शेजारी उभं राहून पुस्तक धरलं. गुड फ्रायडेला ते परत कधी गायले नाहीत. आता ते नाहीत. पहाटे साडेचारला मला जाग येते, आणि या घरात कुणी खोकत नाही.

पण त्या वर्षीचं एवढं राहिलं. ईस्टर होऊन तीनेक आठवडे झाले होते, माझी को-ऑप संपत आली होती, खोलीत अर्धी भरलेली बॅग पडली होती. संध्याकाळी आई चुलीशी मासे तळत होती, पप्पा सिंकशी भांडी धूत होते, मी पुसत होते. पप्पांनी नळ बंद केला. बराच वेळ त्यांना खोकला आला नव्हता. कदाचित सबंध दिवस आला नव्हता. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सिंकमध्ये हात तसेच ठेवून त्यांनी पहिली ओळ धरली. खालच्या आवाजात, मग पूर्ण आवाजात.

"अहो!" आई वळली. "ईस्टर झाला ना? आता विलाप गातात काय? देव कधीच उठला!"

"देवाचं झालं," पप्पा म्हणाले. "माझं राहिलंय."

आणि त्यांनी दुसरी ओळ घेतली, आणि तिसरी, आणि तिसरीनंतर चौथी. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर ते लाजून थांबले असते. मी हातातली ताटली पुसत राहिले, ती कधीच कोरडी झाली होती. आईने मासे तव्यावरून उतरवले आणि हात वर करून चुलीवरचा घरघरणारा पंखा बंद केला.